जुना बावटा धुवायचा नसतो: हमाल संघटनेच्या दोन फलकांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हमाल संघटनेच्या कचेरीत लोखंडी ट्रंकेतून दोन जुने कापडी फलक निघाले. एक लाल साटणीचा, त्यावर पांढरी अक्षरं, खालच्या कडेला पिवळी झालर. दुसरा मांजरपाटाचा, दोन पन्हे जोडून केलेला, त्यावर तेलरंगात पाठीवर पोतं घेतलेला हमाल आणि संघटनेचं नाव. दोन्ही घड्यांवर विरलेत, ठिकठिकाणी पिवळे-तपकिरी डाग आहेत आणि नेफ्यापाशी, म्हणजे काठी घालायच्या दुमडीपाशी, गंज चढलाय. ते धुऊन, इस्त्री करून १ मेच्या मिरवणुकीत न्यायचे आणि मग काचेच्या फ्रेममध्ये कचेरीत लावायचे, असा विचार आहे. हे कसं करावं?

धुणं, इस्त्री आणि मिरवणूक या तिन्ही गोष्टी रद्द करा. मिरवणुकीसाठी प्रत करून घ्या; त्याबद्दल पुढे सांगतो. फ्रेम शक्य आहे, पण अटींसह.

धुणं का नको, ते दोन्ही फलकांसाठी वेगळं आहे. लाल साटण बहुतेक वेळा रेयॉनची असते. रेयॉन भिजलं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. विरलेलं रेयॉन बादलीतून उचलताना स्वतःच्या ओल्या वजनानेच फाटतं. त्यात जुना लाल रंग पाण्यात सुटतो आणि पांढऱ्या अक्षरांत उतरतो, आणि एकदा अक्षरं गुलाबी झाली की परतीचा रस्ता नाही. अक्षरं डिंकात कालवलेल्या पांढऱ्या रंगाची किंवा पोस्टर कलरची असतील तर ओल्या फडक्याच्या एका हातात पुसली जातात. खात्री करायची असेल तर नेफ्याच्या आतल्या दुमडीवर, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, डिस्टिल्ड वॉटरचा एकच थेंब टाका, वर पांढरा टीपकागद मिनिटभर दाबा. कागद किंचित जरी गुलाबी झाला तरी उत्तर मिळालं. कागद कोरा निघाला तरी मी धुवा म्हणणार नाही, कारण कापडाच्या ताकदीचा प्रश्न तसाच राहतो.

मांजरपाटाच्या फलकावरचे पिवळे डाग नीट पाहा. सांगलीच्या यार्डातल्या हमालांचा फलक आहे, म्हणजे त्यातले काही डाग हळदीचे असणार, हे धरूनच चाला. हळदीचा रंग आम्लारीला फार संवेदनशील असतो: साबण किंवा धुण्याचा सोडा लागला की पिवळ्याचा लालसर तपकिरी होतो. घरी हळदीच्या डागावर साबण चोळल्यावर जे होतं तेच. ऊन दिलं तर हा डाग हळूहळू फिका पडतो, पण त्याच उन्हात लाल कापडाचा रंगही उडतो आणि सूत कमजोर होतं. आणि मुळात हा डाग काढायचाच कशाला? कुणाच्या खांद्यावरून हा फलक फिरला, त्याच्या हाताला काय लागलेलं होतं, हे सांगणारी ती खूण आहे. हळदीची पोती वाहणाऱ्यांच्या फलकावर हळद आहे. नोंदवहीत तिची जागा सेंटिमीटरमध्ये मोजून लिहा आणि राहू द्या.

इस्त्री तेलरंगावर फिरली तर रंग मऊ होऊन चिकटतो, घडीवर रंगाचे पापुद्रे उचललेले असतील तर तेच इस्त्रीच्या तळाला येतात. घडी सोडवायला उष्णता लागत नाही, ओलसर हवा आणि वेळ लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेची दुपारची हवा इतकी कोरडी असते की जुनं सूत कडक होतं आणि घडी उलगडताना तुटतं. जुलैत उघडीप मिळाली की तीच घडी बरीच मवाळपणे उघडते. म्हणजे १ मेसाठी घाईने उघडणं हा वर्षातला सगळ्यात वाईट मुहूर्त. आता फक्त ट्रंकेतून बाहेर काढा. फलक हातांनी कोपऱ्यांना धरून उचलू नका. खाली स्वच्छ चादर किंवा जाड पुठ्ठा सरकवा आणि त्या आधारासकट दोघांनी उचलून टेबलावर ठेवा. पंखा बंद ठेवा, कारण सुटलेले पापुद्रे उडून जातात. जे सुटेल ते पाकिटात घालून, फलकाच्या कोणत्या जागेचं आहे ते लिहून ठेवा. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून, हात धुऊन कोरडे करून काम करा.

कसलीही साफसफाई करण्याआधी फोटो. सावलीतला उजेड, फ्लॅश नाही, शेजारी मोजपट्टी. समोरून, मागून, आणि एकदा खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च आडवा मारून; आडव्या उजेडात पुसलेली अक्षरं, जुनी शिवण, रंगाखालचा पेन्सिलीचा आराखडा दिसतो.

आता जिथे खरा वेळ घालवावा असं मला वाटतं त्याकडे येतो, म्हणजे फलक वाचणं. इंग्लंडमध्ये युनियनचे बॅनर म्हणजे मोठाली चित्रं असायची. लंडनच्या जॉर्ज टटिल यांनी १८३७ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याने असे बॅनर ढिगाने बनवले. रंग लवचीक राहावा म्हणून रेशमावर रबराचा लेप देण्याच्या पद्धतीचं पेटंट त्यांनी १८६१ मध्ये घेतलं. मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये असे शेकडो बॅनर जपलेले आहेत. आपल्याकडे परंपरा वेगळी. इथे चित्रापेक्षा रंग आणि अक्षर बोलतं. ‘लाल बावटा’ हा शब्दच बघा. कापडाचं नाव संघटनेला पडलं, आणि माणसं ‘बावट्याखाली आली’ असं आपण सहज म्हणतो. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी मुंबईत ज्या कलापथकातून कामगारांना जागवलं त्याचं नावही लाल बावटाच. तेव्हा तुमच्या फलकावरची अक्षरं हाच त्याचा मुख्य ऐवज आहे. पेंटरकडून ती ‘उजळून’ घेतली की तो ऐवज संपला. खालच्या अक्षराचं वळण, पेंटरचा हात, चुकून दुरुस्त केलेला काना, सगळं झाकलं जातं.

त्या अक्षरांवरून काळ बराच जवळ आणता येतो. आधी पत्ता वाचा. ‘जि. दक्षिण सातारा’ असं असेल तर फलक १९४९ ते १९६० मधला धरायला चांगला आधार आहे, कारण १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. ‘सांगली संस्थान’ असेल तर १९४८ च्या विलीनीकरणाआधीचा. ‘मुंबई राज्य’ की ‘महाराष्ट्र राज्य’ यावरून १ मे १९६० ची रेषा कळते. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. ‘रजि. नं.’ असणं म्हणजे १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदणी झाल्यानंतरचा. तो क्रमांक कामगार आयुक्तालयात दाखवून संघटनेच्या नोंदणीचं वर्ष मागता येतं, आणि फलक त्याआधीचा असू शकत नाही. ‘संलग्न’ शब्दापुढे कोणत्या देशपातळीवरच्या कामगार महासंघाचं नाव आहे तेही बघा: आयटक १९२० ची, इंटक १९४७ ची, हिंद मजदूर सभा १९४८ ची, सिटू १९७० ची. हमालांच्या फलकावर माथाडी कायदा करा अशी मागणी असेल तर तो १९६९ च्या कायद्याआधीचा. कायदा आम्हाला लागू करा, मंडळ नेमा अशी मागणी असेल तर नंतरचा. हा फरक एका शब्दाचा असतो, म्हणून मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट उतरवा.

शुद्धलेखन हा आणखी एक पुरावा, आणि बहुतेकांच्या नजरेतून तो सुटतो. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘एकजुटीनें’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. मात्र पेंटर जुन्या सवयीने पुढेही कित्येक वर्षं ते देत राहिले, म्हणून एकट्या अनुस्वारावर काळ ठरवू नका. पत्ता आणि संलग्नता यांच्या जोडीला तो वापरा. ‘अिन्किलाब’, ‘अेकजूट’ अशी अ ला काना-मात्रा-वेलांटी दिलेली अक्षरं दिसली तर दचकू नका. ती चूक नव्हे, ती सावरकरांच्या लिपिसुधारणेतली अ ची बाराखडी. किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या मासिकांनी ती चालवली होती, त्यामुळे या भागातल्या वाचणाऱ्या माणसाला ती परकी नव्हती.

गावाकडच्या ट्रंकांबद्दल एक सांगायला हवं. सातारा-सांगलीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत होती. १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन उभी राहिली तेव्हाही होती, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्यातली कितीतरी कायमची गावी परतली. सामानाबरोबर फलकही आले. म्हणून कुणाच्या माळ्यावर ‘गिरणी कमिटी’ असं लिहिलेला फलक निघाला तर तो इथला समजून इथल्या संघटनेच्या नावाने नोंदवू नका. त्यावरचं गिरणीचं नाव शोधा. तसंच मुंबईच्या माथाडी कामगारांचं. त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले, आणि त्या संघटनेतले कामगारही मोठ्या संख्येने याच डोंगरपट्ट्यातले.

कापडही वय सांगतं. टेरिकॉट असेल तर फलक साधारण १९६५ च्या पुढचा. ओळखायला शिवणीच्या आत सुटलेला एक सेंटिमीटर धागा चिमट्यात धरून जाळा: सूत आणि रेयॉन कागदासारखे जळतात आणि मऊ राख उरते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो. नेफ्याची आतली बाजू पाहा. कळकाच्या घासणीने तिथे काळपट पट्टा पडलेला असतो. पट्टा दाट असेल तर फलक पुष्कळ मोर्चे चालला, आणि तो एकाच बाजूच्या नेफ्यात दाट असेल तर ती काठी जाड किंवा खडबडीत होती. वरच्या कडेला ओळीने बारीक भोकं आणि काळ्या दोऱ्याचे तुकडे दिसले तर उपटू नका. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या खाणकामगारांच्या वार्षिक मेळाव्यात, ज्या खाणीत त्या वर्षी कुणाचा जीव गेला तिच्या बॅनरवर काळं कापड लावायची रीत होती. तुमच्याकडची भोकं कशाची ते जुन्या सभासदांना विचारा. तोरणाचीही असतील. पण दोरा काढून टाकला की विचारायलाही काही उरत नाही.

मांजरपाटाच्या फलकाची पाठ उजेडात धरा, तेलरंगाच्या अक्षरांभोवती तपकिरी कड दिसेल. अस्तराचा रंग न देता थेट कापडावर तेलरंग लावला की तेल सुतात झिरपतं, हवेत जुनं होताना आम्ल होतं आणि सूत खातं. म्हणून अशा फलकात कापड बरोबर अक्षराच्या कडेने तुटतं. मधलं अक्षर रंगामुळे पत्र्यासारखं ताठ, बाहेरचं कापड मऊ, आणि घडी नेमकी त्या सांध्यावर. हे थांबवण्याचा एकच उपाय: यापुढे घडी नाही. सोनेरी रंग ब्राँझ पावडरीचा असेल तर तोही काळा-हिरवा पडून खालचं कापड कमजोर करतो. ती जागा सगळ्यात शेवटी हाताळा.

साफसफाई कोरडीच. मच्छरदाणीची नायलॉन जाळी भरतकामाच्या रिंगवर ताणा, ती फलकावर ठेवा आणि व्हॅक्यूम क्लीनर सर्वांत कमी ओढीवर ठेवून जाळीवरून हलके फिरवा. रंग उचललेल्या जागी व्हॅक्यूम नाही. तिथे शेळीच्या केसांच्या मऊ ब्रशने धूळ विणीच्या दिशेने बाजूला सारा. पांढरी-हिरवट बुरशी असेल तर आधी फलक वेगळ्या कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवा. ओली बुरशी झटकली की ती चोळली जाऊन आत बसते. पूर्ण वाळून भुकटी झाल्यावरच, एन-९५ मास्क लावून काढा. गंजाच्या टाचण्या, तारा सहज निघत असतील तर काढा, अडकल्या असतील तर ओढू नका, पक्कडीने तुकडे करून काढा. गंजाच्या डागावर लिंबू-मीठ किंवा ब्लीच लावू नका. डाग फिका होतो आणि काही महिन्यांत तिथे भोक पडतं.

कसर (कापड खाणारी कीड) लागलेली असेल तर ती खळीच्या मोहाने आलेली असते. कापडाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसतो. साटणीचा फलक न दुमडता सैल गुंडाळी करून पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर गार कापडावर दव धरेल. तेलरंगाचा फलक फ्रीझरमध्ये घालू नका, थंडीत रंग कडक होऊन तडकतो. तो पांढऱ्या कापडावर पसरून ठेवा आणि तीन महिने ताजा भुगा पडतो का बघत राहा. डांबर गोळ्या नकोत, त्यांची वाफ कापडावर आणि तुमच्या छातीत बसते. कडुलिंबाचा पाला कापडाला टेकला की डाग पाडतो.

फाटलेल्या जागी फेविकॉल, सेलोटेप, इस्त्रीने चिकटणारं कापड आणि शिलाई मशिन या चारही गोष्टी वर्ज्य. चिकटवलेलं पुढे काढता येत नाही आणि वाळलेला गोंद कापडाला काचेसारखा ठिसूळ करतो. मागे खळ काढलेलं, जवळच्या रंगाचं सुती कापड ठेवा. दहा किंवा बारा नंबरच्या बारीक सुईने, एकेरी दोऱ्याने, फाटीवर आडवा लांब धागा टाका आणि तो दर तीन-चार मिलिमीटरवर छोट्या टाक्याने खाली बांधा. ओढून गच्च करायचं नाही; फाट जवळ आली, सपाट बसली, पुरे. टाका विणीच्या दोन धाग्यांमधून जावा, धागा भेदून नव्हे. तेलरंगातून सुई घालायचीच नाही, ते भोक कधी बुजत नाही. रंगाचे पापुद्रे बसवण्याचं काम घरी करू नका, ते प्रशिक्षित संवर्धकाकडे द्या.

साठवण गुंडाळून. साटणीला १० सेंटिमीटर व्यासाची नळी चालते, तेलरंगाच्या फलकाला २० सेंटिमीटरची हवी. विट्याच्या मागवाल्यांकडे मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या बहुधा बारीक असतात आणि त्यांच्यात आम्लही असतं. त्यापेक्षा शेतीच्या दुकानातला २०० मिलिमीटरचा एचडीपीई (एक प्रकारचं प्लॅस्टिक) पाइप चांगला. पीव्हीसी घेऊ नका, तो जुना होताना आम्लवाफ सोडतो. पाइप फलकाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर लांब कापा, तोंडं घासून गुळगुळीत करा, त्यावर तीनदा गरम पाण्यात साबणाविना धुतलेला मांजरपाट गुंडाळा. मग फलक, रंगाची बाजू बाहेर ठेवून. लोकांना हे उलटं वाटतं, पण रंग आत ठेवला तर तो दाबला जाऊन पापुद्रे उचलतात. बाहेर ठेवला तर बारीक ताणला जातो आणि उलगडल्यावर पुन्हा जागेवर बसतो. प्रत्येक फेऱ्यात मध्ये तोच धुतलेला मांजरपाट. झालर आणि गोंडे वेगळ्या कापडात सपाट गुंडाळा, नाहीतर त्यांचा ठसा पुढच्या थरावर उठतो. वर कापडाचं वेष्टन, अडीच सेंटिमीटर रुंदीच्या सुती पट्टीने सैल बांधा. पाइपच्या आतून दांडा घालून तो दोन टोकांना टेकवा, म्हणजे फलकाचं वजन फलकावर येत नाही. नंबर फलकावर लिहायचा नाही. पांढऱ्या सुती फितीवर पेन्सिलीने लिहा आणि फीत नेफ्याच्या आत दोन टाक्यांनी अडकवा. नव्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या त्याच कपाटात ठेवू नका, त्यातला तेलकट अंश कापडाला लागतो.

१ मेसाठी फोटो प्रोजेक्टरवरून नव्या कापडावर पाडून हाताने रंगवणाऱ्या पेंटरकडून प्रत करून घ्या. मूळ फलकावर ट्रेसिंग पेपर ठेवून दाबू नका. प्रतीच्या कोपऱ्यात ‘प्रत’ आणि वर्ष लिहायला सांगा, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी फसणार नाही. फ्लेक्सची प्रत स्वस्त पडेल, पण मी हाताने रंगवलेलीच घ्या म्हणेन. गुलाल, हार, पाऊस, घाम, हे सगळं त्या प्रतीने झेलावं.

फ्रेम करायची तर साटणीचा फलक धुतलेल्या कापडाने मढवलेल्या फळीवर, थोडा तिरका, काचेपासून किमान अडीच सेंटिमीटर दूर. काच टेकली की पावसाळ्यात आतून घाम धरतो. कच्चा प्लायवूड फलकाला लागू देऊ नका. खिडकीसमोरची भिंत नको, ट्यूबलाइट थेट वर नको; ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको, तोही वर्षाकाठी तीन महिने, बाकी काळ गुंडाळून. हार फ्रेमवर घालू नका, पुढे स्टँडवर ठेवा. तेलरंगाचा फलक टांगायचाच नाही. खास दिवशी टेबलावर सपाट पसरून दाखवा.

आणि कचेरी तळमजल्यावर असेल तर पाइप वरच्या मजल्यावर हलवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. तरीही फलक भिजलाच तर उन्हात टाकू नका, पिळू नका. चिखल ओला आहे तोवर फलक जाळीवर सपाट ठेवून वरून स्वच्छ पाणी हळू सोडा. साटणीचा लाल रंग सुटू लागला की लगेच थांबा. मग सावलीत, खाली-वर कोरडी पांढरी कापडं बदलत, पंख्याच्या वाऱ्यात वाळवा. ४८ तासांत वाळणार नसेल तर बुरशी धरेल. तेव्हा साटण पॉलिथिनमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवा, तेलरंगाचा फलक मात्र सगळ्यात आधी वाळायला घ्या. एरवी वर्षातून दोनदा वेष्टन सोडून पाहा: पावसाआधी मेमध्ये आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये.